सोनगीरच्या रस्त्यावर कुत्र्याला घेऊन

धुळ्याहून शिरपूरच्या दिशेने मुंबई-आग्रा महामार्ग धरला की वीसेक किलोमीटरवर सोनगीर येते. टेकडीवरचा जुना किल्ला, तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्या तांबटांची घरे आणि गावाला लागूनच रात्रंदिवस धावणारे ट्रक. दोंडाईचा-शहाद्याकडे जाणारा रस्ताही इथूनच फुटतो. माणसांना या वर्दळीची सवय होऊन जाते. पण घरात पाळलेले कुत्रे सकाळी पट्ट्याला बांधून बाहेर पडते तेव्हा त्याच्यापुढे एकाच वेळी केवढे काय येऊन आदळते! हातोड्यांचे ठोके, ट्रकचे कर्कश हॉर्न, शेळ्यांचा कळप, दुधाच्या किटल्या लटकवून सुसाट निघालेली मोटारसायकल, कोपऱ्यावर पहुडलेली पाच-सहा गावठी कुत्री आणि उकिरड्यावरचे नाना वास.

मग ते ओढते, भुंकते, अंगावर धावून जाते, नाहीतर जमिनीला पोट टेकवून हलायचेच नाकारते. मालक पट्टा खेचतो, एखादा रट्टा देतो आणि घरी येऊन सांगतो, ‘फार हट्टी आहे हो.’ बहुतेक वेळा ते हट्टी नसते. एकतर घाबरलेले असते, नाहीतर उत्सुकतेने अनावर झालेले असते. दोन्ही वेळी पहिला उपाय एकच : ज्या गोष्टीमुळे ते बिथरते तिच्यापासून अंतर वाढवणे. पट्टा आखडून धरणे हा नव्हे.

असे का, हे समजायला रशियन शरीरशास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांचे काम उपयोगी पडते. १९०४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेच्या अभ्यासासाठी. त्याच अभ्यासात त्यांना दिसले, की अन्न तोंडात पडण्याआधी, ते आणणाऱ्या माणसाची चाहूल लागल्याबरोबर कुत्र्यांना लाळ सुटते. दोन गोष्टी पाठोपाठ घडत राहिल्या की कुत्रे त्यांची सांगड घालते, आणि ही सांगड सुखाची बसते तशी दुःखाचीही बसते. समोरून दुसरे कुत्रे दिसले की गळ्याला हिसका बसतो, असे काही वेळा झाले की दुसरे कुत्रे म्हणजे दुखणे, हे त्याच्या मनात पक्के होते. ते लांबूनच भुंकून त्याला हाकलू पाहते. समोरचे कुत्रे आपल्या वाटेने निघून जाते, पण याला वाटते, आपण भुंकलो म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी ते आणखी लवकर आणि आणखी जोरात भुंकते. मालकाचा हिसकाही वाढतो. असे हे चक्र महिनोन् महिने चालू राहते.

‘कुत्र्याला मालक कोण ते दाखवून द्यावे लागते’ हा समज गावात आणि शहरात सारखाच आढळतो. त्याचे मूळ लांडग्यांच्या एका अभ्यासात आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांमधली वर्चस्वाची भांडणे नोंदवली. डेव्हिड मेक या अमेरिकी संशोधकाच्या १९७० च्या पुस्तकामुळे कळपाचा ‘अल्फा’ प्रमुख ही कल्पना घरोघर पोहोचली. पुढे मेक यांनी स्वतः रानातल्या लांडग्यांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला, तेव्हा तो कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्ले असे साधे कुटुंब असल्याचे दिसले. १९९९ च्या निबंधात त्यांनी ‘अल्फा’ हा शब्द वापरणे योग्य नाही असे स्पष्ट लिहिले. कुत्र्याला उताणे पाडणे, मानगूट धरून दाबणे, पट्ट्याने फटकावणे यांचा आधारच त्यामुळे निखळतो. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिक्षेवर भर देणाऱ्या प्रशिक्षणवर्गांतील कुत्र्यांमध्ये तणावाची लक्षणे अधिक दिसली आणि प्रशिक्षणानंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल हे तणावाचे संप्रेरकही अधिक वाढले. मार खाऊन गप्प बसलेले कुत्रे शांत झालेले नसते. अशी कुत्री पुढे न गुरगुरता एकदम चावू शकतात, कारण गुरगुरण्याबद्दल त्यांनी मार खाल्लेला असतो.

म्हणून गुरगुरणे कधीही दडपू नये. ती सूचना आहे, आणि तिच्याही आधी बऱ्याच सूचना येऊन गेलेल्या असतात. झोप आलेली नसताना जांभई देणे, खायला काही नसताना ओठांवरून जीभ फिरवणे, मान वळवणे, कान मागे पाडणे, शेपूट पायांत घालणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागणे, अंग ताठ होऊन तोंड एकदम मिटणे. आवडता खाऊ समोर धरूनही कुत्रे तोंड फिरवत असेल, तर ते शिकण्याच्या मनःस्थितीत नाही हे ओळखावे आणि आल्या वाटेने चार पावले मागे जावे. शेपूट हलते म्हणजे कुत्रे खुशीतच आहे, असेही नाही. ताठ उभारलेली, झटक्याझटक्याने हलणारी शेपूट बहुधा वाढत्या तणावाची असते.

सुरुवात रस्त्यावर करू नये. ती अंगणात किंवा ओट्यावर करावी. आधी नाव घेतल्याबरोबर आपल्याकडे पाहायला शिकवावे : नाव घ्यायचे, त्याने पाहिले की लगेच, दोन सेकंदांच्या आत, खाऊ द्यायचा. उशिरा दिलेल्या खाऊचा त्या पाहण्याशी संबंध लागत नाही. दिवसातून तीन-चार वेळा, दोन-दोन मिनिटे एवढेच पुरे. पिल्लू असेल तर त्याहून कमी. कंटाळा येईपर्यंत ताणू नये.

खाऊसाठी बाजारातली महाग पाकिटे लागत नाहीत. उकडलेल्या अंड्याचे किंवा कोंबडीचे हरभऱ्याएवढे तुकडे, पनीर, भाकरीचे कोरडे तुकडे, खानदेशात हाताशी असलेल्या केळ्याचे छोटे काप, सगळे चालते. घरात साधी भाकरी आणि रस्त्यावर कोंबडी, असा भेद मात्र ठेवावा, कारण अवघड जागी मोबदलाही मोठा हवा. जेवढा खाऊ दिला तेवढे जेवण कमी करावे. जेवणाच्या ताटातले भरीत मात्र देऊ नये. त्यात लसूण आणि कांद्याची पात असते, आणि कांदा-लसणामुळे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट होतात. द्राक्षे आणि मनुका मूत्रपिंड निकामी करू शकतात, चॉकलेटही विषारी ठरते. तिखट शेव देण्याची हौस टाळावी.

घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा, हेही आधीच ठरवावे. आजी अहिराणीत ‘चाल’ म्हणते, मुलगा ‘कम’ म्हणतो, वडील नुसती शीळ घालतात. कुत्र्याला यातले काहीच नीट कळत नाही. ‘चल’, ‘थांब’, ‘बस’, ‘सोड’ असे चार छोटे शब्द पुरतात. ते शांत आवाजात, एकदाच उच्चारावेत. ‘बस बस बस बस’ म्हणत राहिले की पाचव्यांदा म्हटल्यावर बसायचे असते, असे कुत्रे शिकते.

पट्टा सैल ठेवून चालण्याचा नियम सांगायला सोपा आहे, पाळायला माणसालाच अवघड. पट्टा ताणला की मालकाने जागीच थांबायचे. ओढायचे नाही, ओरडायचे नाही. कुत्र्याने मागे वळून पाहिले किंवा एक पाऊल मागे घेतले, पट्टा सैल झाला, की ‘चल’ म्हणून पुढे निघायचे आणि खाऊ द्यायचा तो आपल्या मांडीजवळ, हात लांब करून नाही. ज्या जागी खाऊ मिळतो ती जागा कुत्रे धरून ठेवते. पहिल्या आठवड्यात अर्ध्या तासात दोनशे पावलेही होत नाहीत, तेव्हा मालकाचा धीर सुटतो. त्या दिवसांत फिरणे आणि शिकवणे वेगळे ठेवावे : दहा मिनिटे गल्लीत शिकवणी, बाकीचा वेळ मोकळ्या माळावर लांब दोरीला बांधून मनसोक्त हिंडणे. आज ओढल्यावर थांबायचे आणि उद्या घाई आहे म्हणून ओढू द्यायचे, असे केले तर ओढण्याची सवय उलट घट्ट होते, कारण कधीतरी मिळणारे यश कुत्रे सहजासहजी विसरत नाही.

साधनांबद्दल थोडेसे. गळ्यातल्या पट्ट्याला ताण बसला की डोळ्यांतला दाब वाढतो, छातीवरून जाणाऱ्या अंगपट्ट्याने तसा वाढत नाही, असे २००६ मधल्या एका पशुवैद्यकीय अभ्यासात दिसले. ओढणाऱ्या कुत्र्यासाठी छातीवर पुढच्या बाजूला कडी असलेला हार्नेस चांगला. ओढले की ते आपोआप बाजूला वळते, गळा आवळत नाही. हार्नेस आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटे सरकली पाहिजेत. पट्टा कापडी किंवा नायलॉनचा, पाच-सहा फुटांचा असावा. लोखंडी साखळी उन्हात तापते, हाताला काचते, आणि तिचा खळखळाट स्वतःच कुत्र्याला बिथरवतो. आवळणारे फास आणि काट्यांचे पट्टे विकत घेऊच नयेत. आपोआप लांबत जाणारी दोरी महामार्गाजवळ घातक आहे : ट्रक येत असताना कुत्रे पंधरा फुटांवर असते आणि हातात धरायला काही नसते. पट्टा बोटांना किंवा मनगटाला गुंडाळू नये. कुत्र्याला मोटारसायकलच्या मागे पळवण्याचा प्रकार तर ताबडतोब बंद झाला पाहिजे. थांबायचे केव्हा हे तिथे कुत्र्याच्या हाती नसते, आणि पडले तर चाकाखाली जाते.

आता अंतराचा मूळ मुद्दा. प्रत्येक कुत्र्याची एक सीमारेषा असते. तिच्या पलीकडे ते दुसरे कुत्रे, ट्रक किंवा शेळी पाहते, कान टवकारते, पण भान ठेवून असते. अलीकडे आले की भान सुटते. ही रेषा एखाद्याची वीस फुटांवर असेल, एखाद्याची दोनशे फुटांवर. मालकाने ती शोधून काढावी आणि तिच्या पलीकडूनच काम करावे. ट्रकला घाबरणाऱ्या कुत्र्याला थेट फाट्यावर नेऊ नये. ट्रक दिसतात, आवाजही येतो, पण पुसट येतो, एवढ्या लांब उभे राहावे. ट्रक दिसला, खाऊ. ट्रक गेला, खाऊ बंद. पुन्हा ट्रक, पुन्हा खाऊ. क्रम महत्त्वाचा आहे : आधी ट्रक, मग खाऊ. काही दिवसांनी ट्रक दिसताच कुत्रे मालकाच्या तोंडाकडे पाहू लागते. तेच हवे असते. मग दहा पावले पुढे सरकावे. पुन्हा बिथरले तर वीस पावले मागे यावे, आणि त्यात कमीपणा मानू नये.

हातोड्याच्या ठोक्यांचेही तसेच. तांबटाच्या घरात वाढलेले पिल्लू त्या आवाजात निवांत झोपते, आणि धुळ्याच्या फ्लॅटमधून आणलेले मोठे कुत्रे त्याच आवाजाने खाटेखाली जाऊन बसते. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत वर्षानुवर्षे पिल्लांचे निरीक्षण करून १९६५ मध्ये जे पुस्तक लिहिले, त्यात या फरकाचे कारण सापडते. साधारण तीन ते बारा-चौदा आठवड्यांच्या वयात पिल्लू जे पाहते, ऐकते, हुंगते ते त्याच्या लेखी जगाचा नेहमीचा भाग होते. नंतरही शिकता येते, पण वेळ अधिक लागतो. अडचण अशी, की याच वयात लसीकरण पूर्ण झालेले नसते आणि पार्व्होसारखा रोग जमिनीवरून लागतो. यावर उपाय म्हणजे पिल्लाला खाली न सोडता कडेवर घेऊन हिंडवणे. रोज थोडा वेळ, कधी भांड्यांच्या दुकानासमोर, कधी बसथांब्यापासून जरा लांब, कधी शाळा सुटताना. मोठ्या कुत्र्यासाठी ठोक्यांचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घरी अगदी हळू लावावा, सोबत जेवण द्यावे, आणि आवाज दिवसागणिक किंचित वाढवावा.

गर्दीत आणि गोंगाटात कुत्रे किती शांत राहू शकते, याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण म्हणजे मुंबई पोलिसांचा ‘झंजीर’. पुण्याच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झालेल्या या लॅब्रॅडॉरने मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स, शेकडो डिटोनेटर आणि हातबॉम्ब शोधून दिले. १६ नोव्हेंबर २००० रोजी हाडांच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा त्याला शासकीय इतमामात निरोप देण्यात आला. स्फोटके शोधणाऱ्या कुत्र्यांना, वस्तू सापडली की न भुंकता, न उकरता शांत बसायला शिकवतात, कारण तिथे नखाचा धक्काही महागात पडू शकतो. उत्तेजनेच्या ऐन क्षणी शांत बसण्याचे हे शिक्षण जातीच्या गुणावर सोडून दिलेले नसते. तोच हस्तक, तेच शब्द, तोच मोबदला, रोजचा सराव, यांतून ते येते. घरच्या कुत्र्याला आरडीएक्स शोधायचे नाही. शेळी दिसल्यावर बसता आले तरी पुष्कळ.

जातीचा विचार वेगळ्या कारणासाठी करावा लागतो. २००३ च्या सुमारास मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतून पग घरोघर लोकप्रिय झाला, पण चपट्या नाकाच्या या कुत्र्याला श्वास घेणे मुळातच कष्टाचे असते, आणि खानदेशचा उन्हाळा त्याच्यासाठी जीवघेणा ठरू शकतो. याउलट दख्खनी कारवानी किंवा मुधोळ कुत्री नजरेने हेरून पाठलाग करणारी. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये मुधोळचा उल्लेख केल्यानंतर त्यांच्याविषयीचे कुतूहल वाढले. पळणारा ससा, सायकल, धावणारे मूल, काहीही वेगाने हलले की त्यांचे पाय आपोआप सुटतात. अशा कुत्र्याला रस्त्याजवळ कधीही मोकळे सोडू नये, मग ते घरात कितीही आज्ञाधारक असो. गावठी कुत्रे या हवेला सर्वांत सरावलेले असते आणि शिकायलाही चलाख असते, हे इथे आवर्जून सांगायला हवे. ते पाळण्यात कमीपणा मानणाऱ्यांनी एकदा त्याला शिकवून पाहावे.

शेतकऱ्यांना यातले बरेच काही नवीन वाटू नये. नवा गोऱ्हा औताला शिकवताना त्याला जाणत्या बैलाच्या जोडीला लावतात आणि काम थोडे थोडे वाढवत नेतात. कुत्र्यालाही शांत, वयस्क कुत्र्याच्या सोबतीने, दोघांत अंतर ठेवून, एकाच दिशेने चालवले तर त्याची भीती लवकर निवळते. समोरासमोर आणून ‘करा ओळख’ म्हणणे मात्र टाळावे. दोन्ही पट्टे ताणलेले, तोंडासमोर तोंड, यातून भांडणच उद्भवते.

कोपऱ्यावरची मोकळी कुत्री हा बहुतेकांचा मोठा प्रश्न. ती तिथे राहणार हे धरूनच चालावे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण केलेले कुत्रे त्याच्या मूळ जागी परत सोडायचे असते, आणि २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता, हेच तत्त्व कायम ठेवले. कोणत्या गल्लीत कोणती टोळी असते, ती केव्हा झोपलेली असते, पिल्ले असलेली मादी कुठे आहे, याची मालकाने माहिती ठेवावी आणि वाट व वेळ त्याप्रमाणे बदलावी. टोळी अंगावर आली तर पळू नये. पळणाऱ्याचा पाठलाग होतोच. थांबावे, आपले कुत्रे मागे घ्यावे, मूठभर भाकरीचे तुकडे त्यांच्या बाजूला लांब भिरकावावेत आणि ती हुंगण्यात गुंतली की बाजूने सावकाश निघून जावे. वाकून दगड उचलल्यासारखे केले की बहुतेक कुत्री मागे हटतात, पण रोज दगड मारणाऱ्या माणसाच्या कुत्र्यावर ती टोळी कायमचा डूख धरते. झुंज लागलीच तर मध्ये हात घालू नये. पाणी फेकावे, पत्र्यावर काठी आपटावी, चादर टाकावी.

कायद्याची दुसरी बाजू पाळणाऱ्यांसाठी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘तो काही करत नाही’ हे वाक्य समोरच्या घाबरलेल्या माणसाला दिलासा देत नाही. पट्टा आखूड घ्यावा, कडेला उभे राहावे, माणसाला जाऊ द्यावे.

चावा झाला, पाळलेल्याचा असो की मोकळ्याचा, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. मिरची, हळद, चुना, तेल काहीही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठून लस सुरू करावी आणि ठरलेल्या सगळ्या मात्रा पूर्ण कराव्यात. जखमेतून रक्त आले असेल तर लसीसोबत जखमेत द्यायचे रेबीजविरोधी सीरम किंवा इम्युनोग्लोब्युलिनही लागते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळपास नेहमीच प्राणघातक ठरतो, म्हणून इथे ‘बघू दोन दिवस’ चालत नाही. पाळलेल्या कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात पहिली रेबीजची लस आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी.

खानदेशात फिरण्याची वेळ सूर्य ठरवतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ अंशांवर जातो, आणि डांबर हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. कुत्र्याला घाम येतो तो बहुतांशी पंजांतून, तोही किरकोळ. अंग थंड ठेवायला ते धापेवर विसंबते. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून पाहावी. ठेववत नसेल तर कुत्र्याचे पंजेही तिथे भाजणार. पहाटे उजाडता उजाडता एक फेरी, आणि संध्याकाळची सूर्य मावळल्यावर लगेच नव्हे, रस्ता निवल्यावर. दुपारी बाहेर नेऊच नये. खूप जोराची धाप, लाल भडक जीभ, घट्ट चिकट लाळ, तोल जाणे, ओकारी ही उष्माघाताची लक्षणे. कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश असते, ४१ च्या पुढे गेले की जिवाला धोका. सावलीत नेऊन पोट, काखा आणि पंजे साध्या पाण्याने भिजवावेत, वारा घालावा आणि तसेच पशुवैद्याकडे न्यावे. दवाखाना लांब म्हणून थंड करण्याआधी गाडीत घालू नये. आधी पाणी, मग गाडी.

रस्त्याच्या कडेने चालताना समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या बाजूने चालावे, आणि कुत्रे आपल्या उजव्या हाताला, म्हणजे वाहनांपासून दूर ठेवावे. अंधारात चमकणारी पट्टी गळ्याला आणि आपल्या पायाला बांधावी. शेतांच्या बांधाने जाणाऱ्यांनी संध्याकाळी कुत्रे मोकळे सोडू नये. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा, सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव व भटक्या कुत्र्यांचा निघाला. खानदेशातही बिबट्या उसात, केळीत दडतो. हातात टॉर्च, पट्टा जवळ, आणि कुत्रे एकदम थबकून एका दिशेला पाहू लागले तर त्याचे ऐकून परत फिरावे. घरी आल्यावर कान, बोटांच्या बेचक्या आणि काखा तपासून गोचीड काढाव्यात, कारण त्यांच्यापासून होणारा ताप कुत्र्याला झपाट्याने खचवतो.

फेरीतला काही वेळ कुत्र्याच्या नाकाला द्यावा, हे घाईच्या मालकांना पटत नाही. शार्लट द्युराँतों आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या २०१९ च्या प्रयोगात दोन आठवडे रोज नाकाने शोधण्याचे खेळ खेळलेली कुत्री, नुसती शेजारी चालायला शिकवलेल्या कुत्र्यांपेक्षा, पुढ्यातल्या अनिश्चित गोष्टीकडे अधिक उमेदीने जाताना दिसली. एका खांबापाशी दोन मिनिटे हुंगू दिल्याने फेरी लांबते, पण घरी आल्यावर कुत्रे पसरून झोपते. गल्ली अवघड असेल त्या दिवशी फिरायला नेऊच नये. अंगणात गवतावर भाकरीचे तुकडे विखरून शोधायला लावावेत.

पोळ्याच्या मिरवणुकीत, गणपतीच्या डीजेसमोर किंवा दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात कुत्र्याला हौसेने नेणारे आहेत. तिथले घोडे गर्दीसाठी तयार केलेले असतात, घरचे कुत्रे नसते. माणसांपेक्षा कितीतरी तीक्ष्ण कानांवर डीजेचे ठोके काय करतात याचा विचार करावा आणि त्याला घरी, आतल्या खोलीत, पंखा लावून ठेवावे. दिवाळीत संध्याकाळची फेरी फटाके सुरू होण्याआधी उरकावी, आणि पट्ट्याला दोन कड्या लावाव्यात, एक हार्नेसला, एक गळपट्ट्याला. फटाक्याच्या आवाजाने हिसडा देऊन सुटलेले कुत्रे सरळ महामार्गाकडेही धावू शकते. गळपट्ट्यावर मोबाइल क्रमांक कोरलेला पितळी बिल्ला लावावा. तो सोनगीरमध्ये घडवून घ्यायला कितीसा वेळ लागणार!

ज्या कुत्र्याने आधीच कुणाला चावा घेतला आहे त्याला मुसके घालून फिरवावे, आणि त्यात शरम बाळगू नये. तोंड करकचून बांधणारी पट्टी नको. तिच्यामुळे धाप टाकता येत नाही आणि खानदेशच्या उकाड्यात कुत्रे गुदमरते. जाळीचे, आत तोंड पूर्ण उघडून पाणी पिता येईल असे मुसके घ्यावे. पहिल्या दिवशी ते जमिनीवर ठेवून आत थोडे दही लावावे आणि कुत्र्याला आपणहून नाक घालू द्यावे, बांधू नये. असे काही दिवस गेले, ते मुसके पाहून शेपूट हलवू लागले, की दोन सेकंद बांधून सोडावे, मग दहा, मग अंगणात एक फेरी. रस्त्यावर पहिल्यांदा नेताना नेहमीची ओळखीची, निर्जन वाट निवडावी. मुसके असले तरी अंतराचा नियम तोच राहतो, आणि लहान मुले जवळ आली तर मालकानेच पुढे होऊन हात आडवा करावा.